दंडाचा पट्टा आणि पाच लिटरचा कॅन

कोल्हापुरात दंडपट्टा म्हटलं की मर्दानी खेळ आठवतो. आमच्या पिशवीतला पट्टाही दंडाचाच, पण त्याचं काम दंड आवळून रक्तदाबाचा आकडा देण्यापुरतं. हृदयविकाराचं संशोधन म्हटलं की लोकांना अँजिओग्राफीची करडी चित्रं डोळ्यांसमोर येतात. खरं तर त्यातलं बरंचसं काम घराच्या सोप्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उरकतं. पाळण्यातल्या बाळापासून ऐंशीच्या आजीपर्यंत एका घरातल्या तीन पिढ्या मोजायच्या, काही वर्षांनी त्याच दारात जाऊन पुन्हा मोजायच्या, आणि मधल्या काळात कुणाला काय झालं ते लिहायचं. करवीर, शाहूवाडी, गगनबावडा, शिरोळ या भागांत हे काम करताना आकडा कसा येतो आणि कुठं बिघडतो, ते इथं मांडतो आहोत.

तीन पिढ्या कशाला, हे पहिल्याच दारात विचारलं जातं. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांना दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी असलेला संबंध तिथं पक्का झाला. ती सगळी मोठी माणसं होती. १९८९ मध्ये इंग्लंडात डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्टफर्डशायरमधल्या जुन्या जन्मनोंदी उघडल्या, तेव्हा कमी वजनाने जन्मलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त दगावल्याचं दिसलं. आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची नोंद सुरू झाली. ही बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडातल्या बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखून असलेली. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, असा जो माणूस गावोगाव दिसतो, त्याची सुरुवात अशी गर्भात झालेली असू शकते. त्यातच २००४ च्या, हृदयविकाराच्या झटक्यांवरच्या, ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातून दक्षिण आशियाई माणसाचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असं दिसलं, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. म्हणून साठीची वाट बघत बसलं तर ज्यांना मोजायला हवं होतं त्यातले काही हाती लागतच नाहीत.

पहिला आकडा वयाचा. हा सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. हृदयविकाराच्या धोक्याच्या कुठल्याही तक्त्यात वयाचं वजन सर्वांत मोठं, म्हणजे वय सात वर्षांनी चुकलं तर पुढचं सगळं अचूक मोजूनही उपयोग थोडा. आधारवर १ जानेवारी किंवा शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की समजायचं, ही तारीख मास्तरांनी नाहीतर संगणकाने घातलेली आहे. मग प्रसंगांची माळ लावावी लागते. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७, तेव्हा तुम्ही केवढे होता? ‘कडेवर होते’ आणि ‘पाणी आणायला जात होते’ यात सहा वर्षांचा फरक आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का? थोरल्या लेकाच्या जन्माच्या वेळी लग्नाला किती वर्षं झाली होती? तीन प्रसंग एकमेकांशी जुळले की वय लिहायचं, आणि ते अंदाजाने काढलंय हेही शेजारच्या रकान्यात लिहायचं.

मग संमतीपत्र. ‘सही कशाला? जमिनीचं काय हाय का ह्यात?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, अंगठा असेल तर घराबाहेरचा साक्षीदार घ्यायचा, एक प्रत घरात ठेवायची. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्याहून मोठ्याचा अठरापर्यंत लेखी होकार, आणि आईबापांची सही त्याशिवाय वेगळी. आमचा अनुभव असा की कागद घाईने उरकलेल्या घरातच दुसऱ्या फेरीला दार उघडत नाही.

आता रक्तदाब. यावर जास्त लिहितो, कारण इथं चुका होतात त्या बहुतेक एकाच बाजूला, वरच्या.

दारात पाय ठेवला की चहा येतो. तो नाकारणं कोल्हापुरात अवघड, आणि घरातलेही सगळे आमच्याबरोबर घेतात. चहातलं कॅफिन अर्धा तास तरी रक्तदाब वर ठेवतं. म्हणून येतानाच सांगायचं, ‘काकी, आधी मोजू, मग चहा; साखर जरा जास्त घाला.’ तंबाखूचंही तेच. इथं एक शब्दाची खोच आहे. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बायका सरळ ‘नाही’ म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. त्या मिश्री लावतात. मिश्री दातांना लावायची असते, ती काही खायची वस्तू नव्हे. निकोटीन हिरडीतून रक्तात जातंच. ‘मिश्री लावता का, दिवसातनं किती वेळा, आज कधी लावली’ असे तीन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. पुरुषांना तंबाखू-चुना, गुटखा, मावा, बिडी प्रत्येक वेगळं. ‘व्यसन हाय का’ असं कधीच विचारू नये. व्यसन शेजाऱ्याला असतं.

नंतर लघवीला जाऊन यायला सांगायचं. भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. पाठीला टेकू हवा, पाय जमिनीवर सपाट हवेत, पायावर पाय नको, बोलणं नको, आणि दंड हृदयाच्या पातळीला टेकलेला हवा. हे वाचायला किरकोळ वाटतं. आपल्या घरांत माणूस जमिनीवर मांडी घालून बसतो किंवा कॉटच्या कडेवर पाय लोंबकळत. खुर्ची असली तर तिला हात नसतात. दंड हृदयाच्या खाली दहा सेंटिमीटर राहिला की आकडा सात-आठने वाढतो. हात अधांतरी धरून ठेवला तर स्नायू ताणल्याने आणखी. आम्ही घडीचं स्टूल आणि घट्ट भरलेली उशी बरोबर नेतो. उशी विसरली त्या दिवशी पिठाचा डबा आणि त्यावर चादरीची घडी, तेही चाललं. पाय पोचत नसतील तर पायाखाली पाट.

त्यानंतर पाच मिनिटं गप्प बसायचं. पाच मिनिटं म्हणजे घड्याळातली. कोल्हापुरी माणूस पाच मिनिटं न बोलता बसणं ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत अवघड पायरी आहे. शेजारीण डोकावते, दूधवाला हाक मारतो, नातू पट्ट्याची नळी ओढतो. बोलताना रक्तदाब दहा-पंधराने चढतो, म्हणून मोजणाऱ्यानेही तोंड बंद ठेवायचं. फॉर्ममधले प्रश्न ही पाच मिनिटं ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून त्यात विचारणारा कार्यकर्ता आम्हाला सगळ्यात महाग पडला. त्याचे सगळे आकडे इतरांपेक्षा वर येत होते आणि कारण कळायला तीन आठवडे गेले.

पट्ट्याचं माप हा दुसरा सापळा. खांद्याचं टोक आणि कोपराचं हाड यांच्या मधोमध खूण करून घेर टेपने मोजायचा. आमच्या यंत्राच्या मध्यम पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर छापलेलं आहे, मोठ्यावर ३२ ते ४२. तालमीत गेलात तर मध्यम पट्टा पिशवीतच ठेवा. पैलवानाचा दंड ३८ आला तर नवल नाही, आणि त्याला मध्यम पट्टा लावला तर निरोगी पोरगा रक्तदाबाचा रुग्ण ठरतो. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे मोजून पाहिलं होतं: मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम लावला तर वरचा आकडा सरासरी पाचने, आणि अतिमोठा लागणाऱ्यांना लावला तर जवळजवळ वीसने फुगला. उलट बाजू आजींची. वीस-एकवीस सेंटिमीटरच्या दंडाला मध्यम पट्ट्यात आकडा खाली येतो, आणि जिला खरंच गोळी हवी ती सुटते.

बाह्यांचाही प्रश्न असतो. घट्ट ब्लाउजची बाही वर सारली की तीच दंडाला आवळते आणि पट्ट्याचं निम्मं काम आधीच करून टाकते. पातळ कापडावरून पट्टा बांधलेला बरा, पण बाही सारू नये. बाईमाणूस मोजायला बाईच हवी, हे न सांगता कळायला हवं.

तीन वेळा मोजायचं, मध्ये एकेक मिनिट. पहिला आकडा लिहायचा पण हिशेबात धरायचा नाही, उरलेल्या दोनांची सरासरी घ्यायची. पहिला जवळजवळ नेहमी वर असतो, कारण अनोळखी माणूस, यंत्राचा आवाज, ‘आता काय निघतंय’ ही धास्ती. आकडा मोठ्याने बोलायचा नाही. एकदा का ‘एकशेसाठ’ हा शब्द सोप्यात उच्चारला गेला की पुढच्या तिघांचा रक्तदाब त्या शब्दानेच चढतो. नाडी हाताने बघायचीच. ती अनियमित असेल तर यंत्राचे तीन आकडे तीन दिशांना जातात, आणि अनियमित नाडी ही स्वतःच एक महत्त्वाची नोंद आहे, पक्षाघाताच्या धोक्याची.

आमचं स्पष्ट मत असं की मांडवात, लाऊडस्पीकरखाली, रांगेत उभं राहून आलेल्या माणसाचा शर्टावरून अर्ध्या मिनिटात घेतलेला रक्तदाब हा रक्तदाब नव्हे. शिबिरं भरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण वरच्या आकड्याची १४० ही रेघ, जिच्यापासून रक्तदाब वाढलेला धरतात, अशी आहे की तिच्या अलीकडे-पलीकडे माणसांची गर्दी उभी असते. आकडा सगळ्यांचाच पाचने चुकला तर शेकड्यात बरीच माणसं उगाच रेघेपलीकडे जातात. २०१५ च्या स्प्रिंट चाचणीत, ९,३६१ लोकांमध्ये, वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचा फायदा दिसला. तिथं पाच मिनिटं शांत बसवून, यंत्राकडून, ठरल्या पद्धतीने मोजलं होतं. त्या १२० ची तुलना भरलेल्या ओपीडीतल्या १२० शी करणं म्हणजे तोळ्याचा काटा आणि उसाचा वजनकाटा एक धरणं.

१८० आणि ११० च्या वर काही निघालं तर पाच मिनिटांनी पुन्हा. तरीही तेवढाच असेल आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक, बोलणं अडखळणं यातलं काही असेल, तर पाहणी तिथंच थांबवून त्या माणसाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. काही त्रास नसेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायला लावायचं. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी सवय अजून कुठं कुठं दिसते. तिने दाब एकदम कोसळतो आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तसं कुणी सुचवलं तर अडवायचं.

टेपचं काम त्या मानाने सरळ. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, न ताणणाऱ्या टेपने. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची रेघ. निऱ्या आणि परकराची नाडी बरोबर त्याच जागी येते, म्हणून आडोसा आणि बाई कार्यकर्ती हवी. ‘पँटचं माप ३४ हाय’ हे उत्तर लिहू नये. पँट पोटाखाली घातलेली असते.

रक्त घेणं सकाळी सहा ते नऊ. इथं भाषाच आडवी येते. ‘उपास करून या’ असं सांगितलं तर निम्मी मंडळी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतील, आणि त्यांचं चूक नाही. आपल्या उपासाला खिचडी चालते. ‘उपाशी या’ म्हटलं तर पहाटे पाचला उठून, धारा काढून, संस्थेत दूध घालून आलेली बाई म्हणते, ‘उपाशीच हाय की, नुसता चा घेतलाय.’ दूध-साखरेच्या चहाने साखर वर जाते, आणि मग ती उपाशीपोटीची साखर राहत नाही. आता आम्ही एकच वाक्य ठेवलं आहे: रात्री जेवून उठल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही नको, चहा नको, मिश्रीसुद्धा नको. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर चालते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र रक्त देऊन, खाऊन मगच. सांगायला विसरलात तर एखादे मामा घामाने डबडबून तुमच्यासमोर खाली बसतील, म्हणून पिशवीत गूळ आणि बिस्किटं असतातच.

सोमवार सकाळ टाळता आली तर टाळावी. रविवारचं मटण, आणि काहींची त्याबरोबरची बैठक, सोमवारच्या ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीत, उतरते. त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडाही बिघडतो, कारण बहुतेक प्रयोगशाळांत एलडीएल हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २०० असेल तर एलडीएल १३०. ट्रायग्लिसराइड ३०० झालं आणि बाकीचं तेच राहिलं तर कागदावर एलडीएल ११० दिसेल, माणूस मात्र तोच. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब वापरायचाच नाही, एलडीएल थेट मोजून घ्यायचं.

नळ्या तीन. साखरेला राखाडी टोपणाची, एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीला, जांभळ्या टोपणाची, चरबीला पिवळ्या किंवा लाल. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. राखाडी नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्याचा जम बसायला तास-दोन तास जातात. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर. पावसाळ्यात त्या रस्त्याने नळ्या तशाच आणल्या तर मधुमेहाच्या रेघेवरचा माणूस वाटेतच निरोगी होतो. म्हणून छोटं सेंट्रिफ्यूज बरोबर न्यायचं, गावातल्या उपकेंद्रात लावायचं, चरबीची नळी अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यायची आणि मग फिरवायची. दाब कमी असला की यंत्र गुरगुरतं पण पुरेसं वेगाने फिरत नाही, इन्व्हर्टर लागतो. नळी बर्फाला थेट टेकवायची नाही, पेशी फुटतात आणि नमुना लालसर होतो. मध्ये पुठ्ठा किंवा कापड घालायचं. एचबीएवनसीला उपाशी राहायची गरज नाही हे खरं, पण लोह कमी असलेल्या बाईत तो आकडा खोटा वर जाऊ शकतो, आणि आपल्याकडे अशा बायका कमी नाहीत. म्हणून हिमोग्लोबिन त्याच दिवशी.

आता मिठाचं. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, खर्डा, लसणाची चटणी, लोणचं, वाळवणाचे सांडगे. ‘मीठ किती खाता’ या प्रश्नाला ‘बेतानंच’ हे एकच उत्तर येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून सपाट चमचाभर. खरं कळायचं तर चोवीस तासांची लघवी गोळा करावी लागते, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास त्या वाटेने बाहेर पडतं. त्यासाठी पाच लिटरचा कॅन.

रीत अशी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची, उठल्यावरची, ती मात्र कॅनमध्ये घालायची आणि मग बूच लावायचं. पहिली टाकायची आणि शेवटची ठेवायची, हे दहा वेळा सांगूनही उलटं होतं. दोन्ही ठेवली तर तीस-बत्तीस तासांचं मीठ एका दिवसावर जमा होतं.

भांगलणीला गेलेली बाई कॅन बांधावर नेणार नाही, हे गृहीत धरा. तिला रुंद तोंडाची लिटरची बाटली आणि तिच्यावर कापडी पिशवी द्यायची, आणि विचारायचं तेही ‘किती वेळा चुकली?’ असं. ‘चुकली का?’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ येतं. कारखान्यात किंवा फाउंड्रीत पाळीला जाणाऱ्याला सुट्टीचा दिवस द्यावा असं वाटतं, पण मग सगळ्यांचं मोजमाप सुट्टीच्या जेवणावर होतं. वार वाटून घ्यावे लागतात. आम्ही सुरुवातीला रविवार गाळला, मटणामुळे आकडे ‘बिघडतात’ म्हणून. ती चूक होती. कोल्हापूरकराच्या आठवड्यातनं रविवार काढून घेतला तर जे उरतं ते कोल्हापुरी जेवण नव्हे.

कॅन परत आला की आधी वजन करायचं. साधारण किलोला लिटर धरून चालतं आणि मापातनं ओतताना सांडत नाही. मग कॅन आठ-दहा वेळा उलटसुलट हलवून त्यातला थोडा नमुना घ्यायचा. न हलवता वरचा घेतला तर खाली बसलेला गाळ तसाच राहतो. नंबर कॅनच्या अंगावर लिहायचा, बुचावर नव्हे. दोन जावांच्या कॅनची बुचं बदललेली आम्ही पाहिली आहेत. हिशेब: लिटरला ११० मिलिमोल सोडियम आणि १.६ लिटर लघवी, म्हणजे १७६ मिलिमोल. एक ग्रॅम मिठात १७.१ मिलिमोल सोडियम, म्हणून त्याला १७.१ ने भागलं की मीठ १०.३ ग्रॅम. अर्धा लिटरच्या आत भरलेला कॅन बाद. क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज लघवीत उतरणारा पदार्थ) त्या वजनाच्या माणसाला शोभेल इतकं नसेल तर तोही संशयित, पण म्हाताऱ्यांत स्नायू झडलेले असतात, तिथं कमी क्रिएटिनिन खरंही असतं. एप्रिल-मेमध्ये शेतात राबणाऱ्याचं बरंच मीठ घामाने जातं आणि कॅनमध्ये कमी दिसतं. रिकामे कॅन आम्हाला परत हवे असतात, घरातल्या बायकांनाही हवे असतात. या वादात आम्ही फारसे जिंकलेलो नाही.

मीठ कमी करण्याचा उपाय म्हणून पोटॅशियम मिसळलेलं मीठ हल्ली सुचवलं जातं. चीनमधल्या ६०० गावांत, जवळजवळ २१,००० लोकांमध्ये, पाऊण सोडियम आणि पाव पोटॅशियम असं मीठ देऊन पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या हातानेच पडतं, त्यामुळे ही वाट आपल्याला जास्त लागू पडावी. फक्त मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि टेलमिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लयच बिघडते.

मुलांकडे वळतो. बाळाचं जन्मवजन कार्डावर असतं, पण पानापानावर २.५ दिसायला लागलं की सावध व्हायचं. अडीच किलोच्या खाली बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं, मग काट्यावरचे २.४६ लिहिताना हात वर सरकतो. तेरा वर्षांखालच्या मुलाचा रक्तदाब वय, मुलगा की मुलगी आणि उंची यांच्या तक्त्यात बघावा लागतो. मोठ्यांची १४० ची रेघ तिथं निरुपयोगी. घसा दुखून नंतर सांधे सुजल्याचा इतिहास असेल तर झडपेच्या आजाराची शंका घेऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्यायची. असा संधिवाती ताप झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, २७ किलोच्या वर वजन असेल तर १२ लाख युनिट, कित्येक वर्षं. ते दुखतं, आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली की कार्ड माहेरीच राहतं. सासरी सांगायचं नाही असंही बऱ्याचदा ठरलेलं असतं. झडपेचा आजार मग पहिल्या बाळंतपणात धाप लागून उघडा पडतो.

ईसीजीबद्दल एवढंच की पहिले दोन छातीचे पॉइंट बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, छातीच्या हाडाच्या दोन कडांना. घाईत ते वर दुसऱ्या फटीत लागतात आणि नसलेला जुना झटका कागदावर उमटतो. लीड एक, म्हणजे दोन हातांच्या वायरींमधून निघणारी रेघ, पूर्ण उलटी दिसली तर आधी हाताच्या वायरी तपासा.

औषधांची नोंद तोंडी घेऊ नये. ‘गोळी चालू हाय’ याचा अर्थ ‘घरात हाय’ असाही होतो. पाकीट बघायला मागायचं. अॅम्लोडिपिनने पाय सुजले म्हणून, रॅमिप्रिलने ठसका लागला म्हणून, किंवा नुसतं बरं वाटायला लागलं म्हणून गोळी थांबलेली असते, आणि ‘डोकं जड झालं की’ घेतली जाते. दोन्ही तक्रारींवर बदलून द्यायला दुसरी औषधं आहेत, पण ते सांगायला माणूस दवाखान्यात परत जातच नाही. टिप्स-३ या चाचणीत, जिच्यातले निम्म्याच्या आसपास लोक भारतातले होते, तीन रक्तदाबाची औषधं आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन एका गोळीत, जोडीला अॅस्पिरिन, असं दिल्यावर झटके-पक्षाघात ३१ टक्क्यांनी कमी दिसले. दिवसाला एक गोळी ही कल्पना आपल्या माणसाला सोसणारी आहे. पण अॅस्पिरिन ज्याला अजून काही झालेलं नाही त्याने मनाने सुरू करू नये, रक्तस्रावाचा धोका असतो.

खरी कसोटी परत जाण्यात. पत्ता ‘तालमीमागं, पिंपळाजवळ’ असा असतो, मोबाइल नंबर दोन वर्षांत बदलतात. प्रत्येकाचे तीन नंबर घ्यायचे, त्यातला एक माहेरचा किंवा मामाकडचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेचं पाणी आलं तेव्हा चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं उठून पाहुण्यांकडे गेली. फायली भिजल्या, गोळ्या वाहून गेल्या. अशा वर्षी परतफेरीत रक्तदाब वर आलेला दिसला तर तो आजार वाढल्याचा आहे की दोन महिने गोळी नसल्याचा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. नदीकाठच्या घरांची तेव्हापासून आम्ही वेगळी यादी ठेवतो आणि जूनमध्येच दोन महिन्यांची औषधं प्लॅस्टिकच्या बरणीत, उंचावर ठेवायला सांगतो.

आणि मग असं घर येतं जिथं मोजायचा माणूसच उरलेला नसतो. बाराव्याच्या आधी जायचं नाही. मयताच्या जवळ जो शेवटी होता त्याच्याशीच बोलायचं, गावात काय ऐकू आलं ते लिहायचं नाही. ‘अॅटॅक आला’, ‘हार्टफेल झालं’ हे मृत्यूचं कारण म्हणून घेऊ नये. आपल्याकडे अचानक गेलेला प्रत्येक माणूस हार्टफेलनेच जातो. कळ कुठं आली, हाताला किंवा जबड्याला गेली का, घाम फुटला का, तोंड वाकडं झालं होतं का, किती वाजता सुरू झालं. ‘गॅस झाला म्हणून सोडा दिला’ हे उत्तर आलं तर ते शब्दशः लिहायचं, त्या सोड्यात किती वेळ गेला तेही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देतात, पण खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांतच. म्हणून घरून कधी निघाले, आधी कुठं नेलं, ईसीजी कधी निघाला, या वेळा एकेक करून विचारायच्या. बहुतेक घरांत कपाटावर औषधांची पिशवी तशीच असते. ती मागायची. पाकिटावर किती गोळ्या फोडल्या आणि किती उरल्या ते मोजायचं, मेडिकलच्या पावतीवरची तारीख बघायची, आणि दोन्ही आकडे फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहून पिशवी होती तिथं ठेवायची.